पांढऱ्या फडक्यावरचा पालक

माझ्या सासऱ्यांचा कुठल्याच भाजीवर विश्वास नव्हता. माणसांवर थोडाफार होता, तोही उतरत्या क्रमाने. आधी स्वतःवर, मग सासूबाईंवर, मग मुलीवर, मग मुलावर, आणि बरंच खाली, कोबीच्या जरासं वर, माझा नंबर लागायचा.

छत्तीस वर्षं त्यांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढली. काम रंग तपासण्याचं. रंगवलेलं कापड वाळलं की त्यांच्या टेबलावर यायचं. ते पांढरं फडकं ओलं करून बोटाला गुंडाळायचे, कापडावर दहा वेळा घासायचे आणि खिडकीपाशी नेऊन बघायचे. फडकं पांढरं राहिलं तर रंग पक्का, माल पुढे. फडक्याला नुसती छटा लागली तरी अख्खा लॉट परत. कारखान्यात त्यांना सगळे भिंग म्हणायचे. एकदा मालकाचा जावई म्हणाला, एवढ्याशा छटेनं काय बिघडतंय, जाऊ द्या. भिंगांनी ते निळं कापड ओलं करून त्याच्या पांढऱ्या बाहीवर ठेवलं आणि त्याच्यासाठी चहा मागवला. चहा संपेपर्यंत बाही निळी झाली होती. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून किमान साठ वेळा ऐकलीय आणि साठही वेळा ते जावयाचं तोंड करून दाखवतात.

निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी कुणाला न विचारता फडक्यांचा एक गठ्ठा घरी आणला. पहिल्या आठवड्यात पडदे, उशांचे अभ्रे आणि माझी लाल पर्स तपासून झाली. पर्स नापास. मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. आता आपली धडगत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पालकाचं पान फडक्यावर चोळलं की फडकं हिरवं होतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही हे ठाऊक आहे. पण बाबांनी ते बघितलं आणि ते ताठच झाले.

"रंग सुटतोय," ते म्हणाले.

"बाबा, पालक आहे तो."

"पालक म्हणून विकलाय."

बीट तर त्यांनी हातातसुद्धा धरलं नाही, आरोपीसारखं ताटलीत बसवूनच घासलं. गाजर नापास, टोमॅटो नापास, कोथिंबीर तर नापासांतली नापास. सफरचंदाचा रंग सुटला नाही, तेव्हा मला वाटलं एक तरी सुटलं. पण नाही. "मेण फासलंय," ते म्हणाले. वांग्याचाही रंग सुटला नाही, तर म्हणाले, "पक्का रंग वापरलाय. हुशार आहेत." बटाटे जुने असतात, वर ताजी माती लावून नवे म्हणून विकतात. केळी भट्टीत पिकवतात. म्हणजे रंग सुटला तरी गुन्हेगार, नाही सुटला तरी गुन्हेगार. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कशानेच पोळलं नव्हतं आणि हे बर्फ फुंकत बसले होते.

सगळंच काही त्यांच्या डोक्यातलं होतं असंही नाही. भाज्यांवर फवारे मारतात, फळं लवकर पिकावीत म्हणून नाही नाही ते करतात, हे मीही ऐकते. पण म्हणून मी भाजी धुते, सोलते, नीट शिजवते आणि खाते. यांना ती ताटात ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसायचं असायचं. माझा राग त्याचा होता.

सासूबाई होत्या तोवर हे निभावलं, कारण त्या वाद घालत नसत. त्या स्वतःच्या ताटात भाजी घ्यायच्या, अर्धी खायच्या आणि उरलेली त्यांच्या ताटात सरकवायच्या. "मी मेले तर खाऊ नका," एवढंच म्हणायच्या. बाबा त्यांच्याकडे जरा वेळ निरखून बघायचे आणि मग मुकाट्याने खायचे. फळाचंही तसंच. पहिली फोड त्यांची, दुसरी यांची. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे.

मग त्या गेल्या. आतड्याचा कर्करोग निघाला, सात महिन्यांत सगळं आटोपलं. आमच्या घरात त्यांच्याइतक्या आवडीने पालेभाजी कुणी खात नसे. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांच्या ताटातली भाजी उरायला लागली.

मी भांडले, समजावलं, भाजी बारीक करून भातात लपवली. भात फडक्यावर घासला गेला. हे सगळं दोन वर्षं चाललं. कधी दोन घास पोटात जायचे, कधी अर्धं संत्रं. माझ्या नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, "खातील भूक लागली की." तो लिफ्ट दुरुस्त करतो. वरखाली जाणाऱ्या गोष्टी आपोआप जागेवर येत नाहीत हे त्याला इतर कुठेही कळतं. शिवाय वडिलांच्या आडोशाने त्यानेही भाज्या सोडल्या होत्या. बाबा एखादी भाजी नापास करायचे आणि हा आपला वाडगा गुपचूप बाजूला सारायचा.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "मी माझ्या खोलीत जेवतो. टीव्ही बघत." आणि त्या दिवसापासून ताट रिकामं परत येऊ लागलं. भाजीसकट. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्यासाठी मुद्दाम फरसबी आणली, जी मला स्वतःला आवडत नाही. तक्रार खिडकीवर वीस वर्षं बसून मी एवढं शिकले आहे, की तक्रार यायची थांबली म्हणजे नळाला पाणी आलं असं नसतं. कधी कधी माणूस सांगून सांगून दमलेला असतो. हे शहाणपण घरी वापरायचं मला सुचलं नाही.

दर रविवारी ताई यायच्या. ताई म्हणजे माझी नणंद, शाळेच्या ग्रंथालयात असतात, आणि प्रत्येक माणसाकडे परत न आलेल्या पुस्तकासारखं बघतात. येताना संत्री, द्राक्षं, कधी पेरू. पिशवी बाबांच्या हातात द्यायच्या आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारायच्या, "घरी भाजीबिजी मिळते ना वेळेवर?" बाबा म्हणायचे, "मिळते." आणि मी भाजीचा आग्रह केला की बाबा म्हणायचे, "ताईची एवढी फळं खातो मी, आणखी किती खाऊ?" दोघींनाही मनातून खात्री होती, की दुसरी कमी पडतेय. मला वाटायचं त्या उतरलेली फळं स्वस्तात उचलून आणतात आणि वर मिरवतात. त्यांना वाटायचं मी आदल्या दिवशीचं वाढते. दोघींपैकी एकीनेही दुसरीला तोंडावर विचारलं नाही.

बाबा आधी थकले. दोन जिने चढताना मधे बसायला लागले. मग पाय दुखतात म्हणाले. मग हिरड्या. बेसिनमध्ये लाल दिसायला लागलं, तेव्हा मी म्हटलं दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, "दात माझे आहेत, मी बघतो." चिडचिडे तर ते आधीपासून होते, त्यामुळे चिडचिड वाढलेली कुणाच्या लक्षात आली नाही.

त्या रविवारी ताईंनी त्यांचे पाय चेपायला म्हणून पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. दोन्ही नडग्यांवर जांभळे डाग होते. पोटरीवर एक तळहाताएवढा, कडेने पिवळा पडत चाललेला. कुणीतरी लाथांनी तुडवावं तसं दिसत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"बाबा, हे कशाने झालं?" ताईंनी विचारलं.

बाबांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी त्या नजरेला चांगली ओळखत होते, ती पालकासाठी असायची. पण ताईंना ते कुठे माहीत? त्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांनी पायजमा हळूच खाली ओढला. चहा कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सिस्टरने डाग बघितले आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा." ताईंना आत राहू दिलं. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा आवाज बदललेला होता. "घरी त्यांच्याजवळ दिवसभर कोण असतं? जेवण कोण देतं? पडले होते का? तुम्ही पडताना बघितलं का?" मी सगळी खरी उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तर देताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. त्यांना पडताना मी बघितलं नव्हतं. दुपारभर तर मी ऑफिसात असते. डाग कधी आले मला माहीत नव्हतं.

"आम्ही त्यांना सरळ विचारलं, कुणी मारतं का," सिस्टर म्हणाली. "ते गप्प राहिले. नाही म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर असे डाग दिसले की आम्हाला वर कळवावंच लागतं. पुढच्या आठवड्यात आमच्या समाजसेवा विभागाच्या बाई घरी येतील, शेजाऱ्यांशी बोलतील. तोवर तपासण्यांसाठी त्यांना इथेच ठेवू. आणि तुम्ही एकट्या भेटायला येऊ नका."

हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. मी आणि नवरा जिन्याने उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला.

"एक विचारू? रागावू नकोस," तो म्हणाला. "कधी चिडून वगैरे... तुझा हात तर नाही ना उठला?"

मला बोलता येत नाही असं कधी होत नाही. घरात, ऑफिसात, बाजारात, माझी जीभ आधी पोचते आणि मी मागून. तेव्हा मात्र मला काहीच बोलता आलं नाही. सतरा वर्षं या माणसाच्या शेजारी झोपले, याच्या आईची शेवटचे सात महिने कूस बदलली, आणि हा जिन्यात उभा राहून मला विचारतो. ताईंचा मला राग आला होता. याच्या विचारण्याचं मला दुःख झालं. उरलेले जिने मी त्याच्या पुढे उतरले आणि रिक्षात त्याच्याशी बोलले नाही.

पुढचे दोन दिवस मी शेजारणीच्या दाराकडे बघत काढले. समाजसेवेची ती बाई आली तर ही काय सांगेल? माझा आवाज भिंतीपलीकडे जातो हे मला माहीत आहे. "बाबा, खा ते मुकाट्याने," असं मी किती वेळा ओरडले असेन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्यासीही थोडा आरडाओरडा करणारा असेल तर फाशी देणाऱ्याला बरं पडतं. एकदा का कागदावर आलं की ही सासऱ्याला मारते, तर मी कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार होते? ताई त्यांना घेऊन जायची भाषा करू लागल्या होत्या. जाऊ देत, असं मला वाटलं नाही. ते ताईंच्या घरी गेले की माझ्यावरचा आरोप आपोआप खरा झाला असता.

तिसऱ्या दिवशी मी बाबांचे धुतलेले कपडे काढायला त्यांचं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास इतका भपकन आला की मी मागे सरकले. कपड्यांमागे कॉफीच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. सव्वीस. झाकणांवर चिकटपट्टी. आत वाळलेलं, काळं पडलेलं, काहीत बुरशी आलेलं काहीतरी. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, कारखान्यातल्या त्या टपोऱ्या अक्षरात: तारीख, वस्तू, कुणाकडून, शेरा.

"पालक. सूनबाई. रंग सुटतो."

"संत्रं. मुलगी. सालीला वास."

"गाजर. सूनबाई. शंका आहे."

रिकाम्या ताटांचं कोडं तिथे सुटलं. शंका जास्त आली की चमचाभर नमुना बाटलीत, बाकी सगळं रोज संडासात. ताईंची फळंही त्याच वाटेने. मी चिठ्ठ्या वाचत गेले. पहिली आठ महिन्यांपूर्वीची होती. शेवटच्या काही मी उजेडात नेऊन वाचल्या.

"फरसबी. सूनबाई. आज पायावर डाग दिसला."

"कोबी. सूनबाई. डाग वाढले."

मी त्यांच्या पलंगावर बसले. म्हणजे सिस्टरने विचारलं तेव्हा ते गप्प का होते, ते आता कळलं. त्यांना वाटत होतं मीच त्यांना काहीतरी घालतेय. मारत नव्हते, पण खायला घालून मारतेय. आठ महिने हा माणूस रोज माझ्या हातचं ताट घ्यायचा, "आज काय केलंस?" म्हणून विचारायचा, आणि खोलीत जाऊन माझ्याविरुद्ध पुरावा भरून ठेवायचा. मी रडले नाही. मी चार बाटल्या पिशवीत टाकल्या आणि हॉस्पिटल गाठलं.

मला एवढंच दाखवायचं होतं की हा माणूस भ्रमिष्ट आहे, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावू नका. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. मी त्यांच्या टेबलावर एकेक बाटली आपटली. त्यांनी नाक पुसलं आणि चारही चिठ्ठ्या सावकाश वाचल्या.

"हे सगळं बाटलीत आहे," त्या म्हणाल्या. "मग पोटात काय गेलं?"

"पाव, भात, दूध, उकडलेली अंडी. चहा-बिस्किटं."

"आणि भाजी, फळं?"

"आत्ताच तर वाचलंत."

"किती महिने?"

"आठ. त्याआधीही असून नसल्यासारखंच."

त्या उठल्या. मला एकटीला भेटायला मनाई आहे हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "एकट्या कुठे, मी आहे ना." वॉर्डात ताई आणि माझा नवरा बाबांच्या उशाशी होते. डॉक्टरीणबाईंनी बाबांचा ओठ बोटाने वर केला. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि नडगीवर धरलं. आयुष्यभर ज्याला भिंग म्हणत आले तो माणूस भिंगाखाली निमूट पडून राहिला होता. पायावरचा एकेक केस स्प्रिंगसारखा गुंडाळलेला होता आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल ठिपका.

"हे माराचे डाग नाहीत," त्या म्हणाल्या. "स्कर्वी नावाचा आजार आहे. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा. ताजी फळं-भाज्या पोटात गेल्या नाहीत की क जीवनसत्त्व संपतं, रक्तवाहिन्या कच्च्या होतात आणि आपोआप झिरपतात. कुणी हात लावावा लागत नाही. रक्त तपासून घेऊ, पण मला शंका नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. नवरा तर खिडकीबाहेरच बघायला लागला, जिथे एका भिंतीखेरीज काही नव्हतं.

बाबा मात्र डॉक्टरांकडे बघत होते. "माझी बायको सगळं खायची," ते म्हणाले. "रोज. पालेभाजी तर माझ्यासमोर खायची. तिला काय झालं माहिती आहे? आतड्याचा. मग मी कशावर विश्वास ठेवू?"

तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा हे तोंडाने म्हटलं होतं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्याकडे चांगला रंग, चांगलं पाणी, सगळं नीट वापरलं, तर शंभरातले किती लॉट बिघडायचे?"

"दोन. कधी तीन."

"आणि पाणी खराब असलं तर?"

"दहा-पंधरा तरी."

"मग चांगल्या पाण्यातलाही एक लॉट बिघडला, म्हणून तुम्ही चांगलं पाणी बंद करायचात?"

"नाही," बाबा म्हणाले.

"त्या खात होत्या तरी त्यांना झाला. खाणाऱ्यालाही होतो. पण न खाणाऱ्यांचे जास्त बिघडतात. आतडी, हृदय, पक्षाघात, सगळ्यातच. त्यांना भाजीने मारलं नाही, आजोबा. भाजी त्यांच्या बाजूने होती. पुरली नाही, एवढंच."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मी बाहेर जाऊन पाणी आणलं.

त्यांना गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी नारिंगी होती. बाबांनी सिस्टरकडे ओला कापूस मागितला, गोळी घासली आणि कापूस तिच्यासमोर धरला. "सुटतोय," ते म्हणाले. तिने पांढऱ्या गोळ्या आणून दिल्या. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की गोळीने हिरड्या भरतील, बाकीचं काम ताटातूनच व्हायला हवं. जाता जाता त्यांनी माझ्या नवऱ्याचाही रक्तदाब तपासला, कारण तो उगाच मधे मधे करत होता. आकडा बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही भाजी खाता?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? त्यांना सांग."

रक्ताचा अहवाल आला आणि वर पाठवायचा कागद रद्द झाला. समाजसेवा विभागाच्या बाई आल्याच नाहीत. चार दिवसांत हिरड्यांतलं रक्त थांबलं. तीन आठवड्यांत पाय स्वच्छ झाले. ताई पुढच्या रविवारी आल्या त्या दोन पिशव्या संत्री घेऊन. त्यांतली एक माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "ही तुझी. गोड आहेत, मी खाऊन बघितली." ताईंकडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं. मी ती खाल्ली, आणि गोड होती.

बाटल्या मी फेकल्या नाहीत, बाबांनाच फेकायला लावल्या. ते एकेक झाकण उघडत होते आणि मी नाकाला रुमाल लावून शेजारी उभी होते. मला सरळ विचारायचं होतं, म्हणून विचारलं.

"तुम्हाला खरंच वाटत होतं, मी तुम्हाला विष घालतेय?"

"शंका होती," ते म्हणाले.

"भाजीतून?"

"भाजीतून."

"पण भाजी तर तुम्ही खातच नव्हता. बाटलीत भरत होता. बाटलीतल्या भाजीने पायावर डाग कसे पडतील?"

त्यांच्या हातातली बाटली तशीच राहिली. छत्तीस वर्षं रंग तपासलेल्या माणसाच्या हे एकदाही ध्यानात आलं नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "कारखान्यात असा शेरा कुणी लिहिला असता, तर मी त्याला कामावरून काढला असता." मग उरलेल्या बाटल्या त्यांनी रिकाम्या केल्या.

आता ते आमच्याबरोबर टेबलावर जेवतात. फडकं अजून जवळ असतं, आणि नवीन भाजी दिसली की हात तिकडे जातोच, पण घासून झाल्यावर ते ती खातात. हिरवं फडकं मला दाखवतात आणि म्हणतात, "जिवंत आहे." मी म्हणते, "खा मग."

नवऱ्याने जिन्यातल्या प्रश्नाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मीही काढलं नाही. तो घरी लवकर यायला लागला, भांडी आवरायला लागला, आणि मला वाटायचं, हे आवरणं कशासाठी चाललंय ते मला कळत नाही असं याला वाटतं की काय.

महिन्याभरानंतर एका रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बाबांनी भाजीच्या वाडग्याकडे हात लांबवला आणि त्यांची बाही वर सरकली. मनगटाच्या वर रुपयाएवढा निळा डाग होता. नवऱ्याचा चमचा मधेच थांबला. त्याने डागाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. क्षणभरच. लगेच मान खाली घातली.

रक्त तपासून झालं होतं, कागद रद्द झाला होता, आणि हा अजून बघत होता.

"बाथरूमच्या दाराची कडी लागली," बाबा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "सकाळी."

"हो का," नवरा म्हणाला.

"मला विचारायचं होतंस. तिच्याकडे कशाला बघितलंस?"

"मी कुठे बघितलं..."

"मला शिकवू नकोस. जन्मभर मी तेच करत आलोय." बाबांचा आवाज चढला नव्हता. "आठ महिने मी तिच्याकडे अस्साच बघत होतो. आणि ती रोज भाजी चिरून मला वाढत होती. मला निदान डोळ्यांपुढे डाग दिसत होते. तुझ्याकडे काय आहे?"

मला वाटलं होतं या विषयावर मला आता रडू येणार नाही, पण आलं, आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"जिन्यात मी तुला जे विचारलं," नवरा म्हणाला, ताटाकडे बघतच. "ते विचारायला नको होतं. तू अजून रागावली आहेस माझ्यावर?"

"हो," मी म्हटलं, आणि दोघांनाही आणखी भाजी वाढली.